विनायककाकांचा डावा गुडघा

...आणि वर मलाच म्हणतात, "संपदा, तू ना फार निगेटिव्ह आहेस!" मी! निगेटिव्ह! अहो, जी मुलगी दोन वर्षं अयोध्या नगरच्या गल्लीगल्लीतून पावतीपुस्तक घेऊन फिरली, जिने जवाहर चौकातल्या एकेका दुकानात चार-चार खेपा घातल्या, सकाळी गेलं तर "अभी बोहनी नहीं हुई बेटा, शाम को आना" आणि संध्याकाळी गेलं तर "अब तो गल्ला बंद कर दिया बेटा, सुबह आना" हे ऐकून घेऊन शंभर-शंभर रुपये गोळा केले, ती निगेटिव्ह? निगेटिव्ह माणूस शंभर रुपयांसाठी चौथ्यांदा जातो का हो? चौथ्यांदा जायला माणूस एकतर वेडा लागतो नाहीतर आशावादी... आणि मी स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. आहे, वेडी असल्याचं प्रमाणपत्र अजून कुणी दिलेलं नाही.

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगते. नको, पहिल्यापासून नको, पहिलं सगळं फार छान होतं, रडू येतं. गुडघ्यापासून सांगते.

पण गुडघा कळायचा तर मंडळ कळायला हवं. आमचं एक छोटंसं मराठी मंडळ आहे. बाबांच्या पिढीतले सगळे कारखान्यातल्या नोकरीसाठी कुणी साताऱ्याहून, कुणी अमरावतीहून इथं भोपाळला आले, रिटायर झाले, आणि "आता परत जायचं" असं म्हणत म्हणत इथंच घरं बांधून बसले. वर्षातून एक गणपती, एक कोजागिरी, एक हळदीकुंकू आणि बावन्न रविवार पोहे. पोह्यांवर शेव. शेव जाड की बारीक यावरून भांडण. संपलं मंडळाचं कार्य! म्हणून मी म्हटलं, आपण एक अभ्यासिका काढू. फुकट. मराठी-हिंदी काही नाही, ज्याला घरी अभ्यासाला जागा नाही त्याने यायचं, बसायचं, वाचायचं.

हे डोक्यात आलं सोनलमुळे. मी कॉलेजात तासावर शिकवते. इथं मध्य प्रदेशात तासावर शिकवणाऱ्याला 'अतिथी विद्वान' म्हणतात. अतिथी एवढ्यासाठी की कधीही "या आता" म्हणता येतं, आणि विद्वान एवढ्यासाठी की विद्वानाने पगाराचं विचारू नये. तर सोनल माझ्या वर्गात होती, आता भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करतेय. घरात सहा माणसं, खोली एक. ही मुलगी दुपारी अभ्यास कुठे करते माहितेय? एटीएममध्ये! त्या काचेच्या खोलीत, मशिनच्या शेजारी, चुरगळलेल्या पावत्यांच्या डब्याला टेकून, खाली फरशीवर! कारण तिथं एसी आहे. कुणी पैसे काढायला आलं की उठायचं, बाहेर उन्हात उभं राहायचं, ते गेले की परत आत. मी विचारलं, "अगं, लक्ष लागतं का असं?" तर म्हणते, "दीदी, महीने के आख़िर में बहुत अच्छा लगता है, कोई आता ही नहीं।"

सांगा, हे ऐकून कोण स्वस्थ बसेल? मी नाही बसले. चार लाख बारा हजार रुपये जमवले! पिठाच्या चक्कीवरची मोठी खोली बघितली, मालकाला गळ घालून दसऱ्यापर्यंत थांबवलं, बाकं कुठून आणायची, पंखे किती, सगळं ठरलं... आणि आडवा आला तो गुडघा!

विनायककाकांचा. डावा.

विनायककाका म्हणजे बाबांच्या बरोबरचे, कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होते. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा विशाखापट्टणमला, काका घरात एकटे, आणि गुडघा झिजलेला. डॉक्टरांनी त्यांना एका नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं. गुडघ्यातली झिजलेली गादी परत भरून आणणारं म्हणे इंजेक्शन. देशभरात सहाशे पेशंट, तीनशे जणांना खरं औषध, तीनशे जणांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कुणाला काय टोचलं ते पेशंटलाही माहीत नाही आणि टोचणाऱ्या डॉक्टरलाही माहीत नाही! का, तर आपल्या मनाचे खेळ निकालात शिरू नयेत. काय सुंदर गोष्ट आहे हो! माणसाने स्वतःच्या लबाडीवर स्वतःच शोधलेला इतका प्रामाणिक उपाय दुसरा नसेल. वर्गात हे शिकवताना माझे डोळे भरून येतात. मुलं म्हणतात, मॅडम को चॉक की ॲलर्जी है.

मंडळात हे सांगितलं तर आमच्या सेक्रेटरी शकुंतलाकाकू काय म्हणाव्यात? "डॉक्टरला ठाऊक नाही आपण काय टोचतोय? अगं बाई! त्यापेक्षा माझा मालिशवाला बरा, तेल कुठलं ते तरी सांगतो!"

बरं, इथवर सगळं विनायककाकांचं खाजगी दुखणं. ते सार्वजनिक केलं केशवकाकांनी. केशवकाका आमचे अध्यक्ष. कारखान्यात छत्तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते, आलेला माल पास की नापास हे ठरवायचं काम. रिटायर झाल्यावर पास-नापास करायला घरात फक्त काकूंची भाजी उरली, आणि ते दोनदा करून बघितल्यावर काका शेअरबाजाराकडे वळले. मोबाईलवर दोनशे जणांचा एक ग्रुप आहे, त्यात रोज सकाळी कुणीतरी रॉकेटचं चित्र टाकतं आणि खाली लिहितं, "बस ले के बैठ जाओ।" त्यात एका रविवारी आलं, अस्थिजा बायोटेक, भाव बासष्ट, गणपतीनंतर चाचणीचा निकाल, निकाल चांगला लागला तर तीनशे! काकांनी चष्मा पुसला. कशाची चाचणी? गुडघ्याच्या इंजेक्शनची. तुम्हाला सांगते, काका पोह्याची बशी खाली ठेवून उभेच राहिले. "अरे, हे तर आपल्या विन्याचं इंजेक्शन!"

झालं! त्या दोनशे जणांकडे काय होतं? अफवा. आमच्या काकांकडे प्रत्यक्ष गुडघा होता!

आणि मग त्यांनी ते वाक्य म्हटलं, जे पुढे दोन महिने माझ्या स्वप्नात आलं. "हे बघा, आमची कारखान्यातली पद्धत साधी आहे. मशीन लावली की पहिला नग काढायचा, तो तपासायचा. पहिला नग पास, लॉट पास!" सगळ्यांनी माना डोलावल्या. का नाही डोलावणार? सगळे त्याच कारखान्यातले! ह्यांचे संसार, ह्यांचे बोनस, ह्यांच्या मुलांची शिक्षणं, सगळं त्या पहिल्या नगावर उभं राहिलेलं! मी म्हटलं, "काका, मशीन तोच नग परत परत काढते, देव तसं काढत नाही! सहाशे माणसं आहेत, सहाशे गुडघे आहेत, त्यातला एक आपल्याला माहीत आहे, आणि त्यात काय टोचलंय तेही माहीत नाही. एक गुडघा म्हणजे पुरावा नव्हे!"

"संपदा," काका म्हणाले, "पोहे घे."

दुसऱ्या रविवारपासून तपासणी सुरू झाली. पोहे असतात केशवकाकांच्या गच्चीवर, आणि गच्चीला पायऱ्या बावीस. खाली विनायककाका उभे. वर केशवकाका, हातात मोबाईलचं घड्याळ. जिन्याच्या वळणावर शकुंतलाकाकू रजिस्टर घेऊन. "स्टार्ट!" आणि बिचारे विनायककाका कठड्याला धरून वर येतायत, आणि वरून मंडळी ओरडतायत, "शाबास विनायकराव! डावा टाका! डावा टाका!" पहिल्या रविवारी अठ्ठावन्न सेकंद. पुढच्या रविवारी एक्कावन्न. मग अठ्ठेचाळीस! केशवकाकांनी आलेख काढला. एकाच कागदावर वर विनायककाकांचा गुडघा आणि खाली कंपनीचा भाव! आणि खाली तीन सह्या, कारण कारखान्यात तीन सह्या झाल्याशिवाय माल पुढे जात नाही. तिसरी सही माझ्याकडे मागितली, म्हणाले, "तू स्टॅटिस्टिक्सची, तुझी सही हवीच." मी म्हटलं, एक गुडघा म्हणजे पुरावा नव्हे. तर काका शकुंतलाकाकूंना म्हणतात, "लिहा, संपदा अनुपस्थित."

मी समोर उभी होते हो!

आणि गुडघ्याची ती बडदास्त! सोमवारी कुणाकडून डिंकाचे लाडू, मंगळवारी मेथीचे, बुधवारी आमच्याकडून डबा, गुरुवारी शकुंतलाकाकूंचा तो मालिशवाला. चार वर्षं ज्या माणसाच्या घराकडे "जायला हवं एकदा" म्हणत कुणी फिरकलं नव्हतं, त्याच्या दारात आता चपला मावेनात! गणपतीत आरतीचं ताट पहिलं कुणाला? विनायककाकांना. बसायला खुर्ची? विनायककाकांना. केशवकाका स्वतः त्यांना स्कूटरवर बसवून दवाखान्यात न्यायचे, इंजेक्शन होईपर्यंत बाहेर बसायचे. गणपतीच्या पायाशी बसून एवढं केलं असतं तर तो तरी पावला असता!

आणि मग मंडळाच्या बैठकीची सूचना निघाली. विषय एक, अभ्यासिकेचा निधी अस्थिजा बायोटेकमध्ये गुंतवणे. विषय दोन, कोजागिरीचं दूध.

मी म्हटलं, हा लोकांनी वर्गणी म्हणून दिलेला पैसा आहे, हा असा लावता येत नाही! तर केशवकाका म्हणतात, "म्हणूनच मंडळाच्या नावाने नाही लावायचा, माझ्या खात्यातून लावायचा." ऐकलंत? म्हणूनच! मी म्हटलं, बुडाला तर? "अगं, चाराचे वीस झाले तर अभ्यासिकेला एसी लाव, तुझ्या त्या सोनलला एटीएममध्ये बसल्यासारखं वाटेल!" आणि हसले सगळे. मी घरी येऊन बाबांना धरलं. माझे बाबा, शांताराम, हे मंडळाचे खजिनदार. चेकवर सही त्यांची. म्हटलं, "बाबा, तुम्ही सही करू नका, बस. एवढंच करा." बाबांनी वर पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, "संपदा, तू चार-पाच वर्षांत कुठेतरी निघून जाशील. मला रविवारी ह्यांच्यातच बसायचंय गं."

मला सांगा, यावर कुठलं सूत्र लावायचं?

आणि त्याच बुधवारी... मी डबा द्यायला विनायककाकांकडे गेले. नेहमी संध्याकाळी जाते, त्या दिवशी तास रद्द झाला म्हणून दुपारीच गेले. दार उघडं. काका वरच्या खोलीतून खाली येत होते. कसे, माहितेय? बसून. जिन्यावर बसून, लहान मूल उतरतं ना तसे, एक पायरी, मग दुसरी, डावा पाय समोर लाकडासारखा ताठ, आणि दर पायरीला "अग्गं..."

मी डबा तसाच धरून उभी. त्यांनी मला बघितलं. मग ते म्हणाले, "रविवारी दोन गोळ्या घेतो सकाळी. तेवढं निभतं."

"म्हणजे गुडघा..."

"दुखतो. होता तसाच आहे."

"आणि दवाखान्यात? तिथं फॉर्म भरता ना, दुखणं शून्य ते दहा?"

"दोन लिहितो."

"आणि खरं किती?"

"सात. पावसाळी हवेला आठ." मग हळूच म्हणाले, "केशव बाहेर बसलेला असतो ना गं. बाहेर आलो की पहिलं विचारतो, किती लिहिलंस? त्याचं तोंड असं उतरतं... एकदा पाच लिहिले होते. त्या आठवड्यात मंगळवारचा डबा आला नाही."

मी म्हटलं, "काका, अहो, मुलांचे पैसे आहेत ते! तुमच्या गुडघ्यावर चार लाख लागतायत! मी सांगणार सगळ्यांना, आत्ताच्या आत्ता सांगणार!" काकांनी पायरीवर बसल्या बसल्या वर बघितलं. ड्रॉइंग ऑफिसचा माणूस, रेघ तिरकी जाऊ द्यायचा नाही. म्हणाले, "सांग. पण काय सांगशील? मला गुण नाही आला म्हणून औषधच वाईट? तूच म्हणतेस ना दर रविवारी... एक गुडघा म्हणजे पुरावा नव्हे?"

माझं वाक्य! माझंच! माझ्याच तोंडावर! आणि सगळ्यांत वाईट काय, माहितेय का? बरोबर होतं हो ते! तंतोतंत बरोबर! ज्या माणसांना मी दोन महिने कानीकपाळी ओरडून सांगत होते, त्यांच्यातल्या एकाला तरी ते कळलं होतं, आणि नेमकं ह्यालाच कळलं!

रविवारी बैठक झाली. बैठकीआधी तपासणी. मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते. विनायककाका माझ्याकडे न बघता वर गेले. बावीस पायऱ्या, चव्वेचाळीस सेकंद. विक्रम! टाळ्या! शकुंतलाकाकूंनी त्यांच्या हातात लाडू दिला, कुणी पाण्याचा पेला दिला, कुणी पाठीवर हात ठेवला... आणि तो माणूस इतका खूश होता हो. कपाळावर घाम, ओठ दातांखाली दाबलेला, आणि खूश. मी तोंड उघडलं. म्हटलं, आता सांगायचं. आणि काय सांगितलं? नमुना म्हणजे काय, चाचणी म्हणजे काय, तीनशे विरुद्ध तीनशे म्हणजे काय... पंचवीस मिनिटं! पंचवीस मिनिटं बोलले, आणि जे बोलायचं होतं ते सोडून सगळं बोलले. संपल्यावर केशवकाका म्हणाले, "वा! पोरगी अभ्यासू आहे," आणि मतदान घेतलं. बाजूने सात, विरुद्ध एक. विनायककाकांनी हात वर केला. बाबांनीही केला, खांद्यापर्यंतच, पण केला. अध्यक्षांनी तो मोजला.

बासष्टच्या भावाने सगळे पैसे लागले.

नंतर तीन आठवडे काय सांगू! सगळे गुडघ्याला बाशिंग बांधून निकालाची वाट बघत बसलेले! भाव सत्तर झाला, एकाहत्तर झाला. केशवकाका मला रस्त्यात थांबवून विचारायचे, "काय मॅडम, एसी किती टनाचा घ्यायचा?" आणि तुम्हाला खरं सांगते, कुणाला सांगू नका, मी एकदा दुकानात जाऊन दीड टनाची किंमत विचारून आले.

मग निकाल आला. दुपारी बाराला. मी दोन तासांच्या मध्ये पळत गेले तर गच्चीवर सगळे जमलेले, ऊन डोक्यावर, कुणी छत्री धरलीय, आणि केशवकाका मोबाईलवरचं कंपनीचं पत्रक वाचतायत, शब्द लावून लावून. "दोन्ही गटांतील रुग्णांच्या वेदनेत घट झाली असून, दोन गटांत लक्षणीय फरक आढळून आलेला नाही." सगळे माझ्याकडे वळले. शकुंतलाकाकू म्हणाल्या, "म्हणजे गं?"

म्हटलं, "म्हणजे नापास."

"किती मार्कांनी?"

"काकू, मार्क नसतात. मिठाच्या पाण्याने जेवढं बरं वाटलं तेवढंच औषधाने वाटलं. म्हणजे औषध नापास."

"एटीकेटी?" केशवकाकांनी विचारलं. थट्टेत नाही हो, अगदी कळकळीने!

त्या दिवसापासून भाव रोज बाजार उघडताक्षणी तळाला जाऊन अडकायचा. विकायचं म्हटलं तर घेणाराच नाही! पासष्ट, पन्नास, एकोणचाळीस... सतरावर येऊन थांबला. चाराचा एक झाला. आणि मग, जखमेवर काय ते चोळायला, दवाखान्याचं पत्र आलं. चाचणीत विनायककाकांना काय टोचलं जात होतं?

मिठाचं पाणी.

बरं, आता तरी डोळे उघडावेत की नाही? केशवकाका गच्चीवर येरझाऱ्या घालतायत आणि म्हणतायत, "मिठाचं पाणी! नुसत्या मिठाच्या पाण्यावर विन्या चव्वेचाळीस सेकंदांत वर आला! अरे, मग खऱ्या औषधावर कितीत आला असता!" शकुंतलाकाकू म्हणतात, "मीठ तर इथं भोपाळात लोक चहातसुद्धा घालतात, त्याला कशाला चाचणी?" आणि मला राहवेना, मी म्हटलं, अहो, तोच तर घोळ आहे! मिठाच्या पाण्याच्या बाजूलाही लोकांनी बरं वाटलं, बरं वाटलं म्हणून लिहिलं, तर औषधाचा फरक दिसणार कसा? आणि हे मी बोलून गेले आणि मला कळलं की मी काय बोलून गेले, कारण विनायककाका खुर्चीत हळूहळू बुडायला लागले होते. म्हणाले, "मी दोन लिहायचो."

केशवकाकांच्या येरझाऱ्या थांबल्या.

"होते सात. मी दोन लिहायचो."

मग माझे बाबा, जे बैठकीत जन्मात बोलत नाहीत, ते म्हणाले, "म्हणजे दोन महिने आपण लाडू समोरच्या पार्टीला चारले."

आणि सगळे जे वळले हो त्या माणसाकडे! केशवकाकांचा चेहरा लाल, "विन्या, तू बुडवलंस आम्हाला!" शकुंतलाकाकू म्हणतात, "डिंक काय भाव आहे माहितेय का?" जणू काही त्या एका माणसाने सहाशे जणांची चाचणी एकट्याने पाडली! मी मध्ये उभी राहिले. ओरडले. अक्षरशः ओरडले, "सहाशेत एक आहेत ते! त्यांनी सात लिहिलं असतं तरी निकाल हाच लागला असता! किती वेळा सांगू, एक गुडघा म्हणजे पुरावा नव्हे!"

आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा... पहिल्यांदा केशवकाका शांत झाले, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "बरोबर आहे पोरीचं."

मला वाटलं, देवा! पटलं!

"अगदी बरोबर आहे. विन्याच्या गुडघ्याने काही सिद्ध होत नाही. मग औषध वाईट आहे हे तरी कुठे सिद्ध झालं?" आणि मोबाईल पुढे केला. पत्रकाच्या शेवटी, मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं, साठीच्या आतल्या, वजनाने हलक्या महिलांमध्ये आशादायक कल दिसून आला असून कंपनी त्यांच्यासाठी नवी चाचणी घेणार आहे. कालावधी तीन वर्षं. "संपदानेच सांगितलं, घाई करायची नाही. धरून बसायचं!"

मी? मी सांगितलं?

ठराव मांडला गेला. विकायचं की ठेवायचं. आणि आता मी तुम्हाला जे सांगणार आहे ते ऐकून मला नावं ठेवा, ठेवायलाच हवीत. मला सगळं माहीत होतं. असे उपगटातले कल म्हणजे काय असतात, ते मी दर सत्रात शिकवते, ढगात हत्ती दिसण्यासारखं असतं ते. पण विकलं तर काय होणार होतं? उरलेला लाखभर पुढ्यात येणार, त्यात चक्कीवरची खोली मिळणार नाही, आणि ती तशीही मोमोजवाल्याने गोदामाला घेतलेली. मंडळ इतिवृत्तात लिहिणार, अभ्यासिका रद्द. आणि ठेवलं तर लिहिणार, अभ्यासिका विचाराधीन. रद्द आणि विचाराधीन... मी दोन वर्षं फिरले हो त्या पावतीपुस्तकासाठी.

ठेवण्याच्या बाजूने आठ. विरुद्ध, कुणी नाही.

शकुंतलाकाकू म्हणाल्या, "लिहिते, संपदा उपस्थित."

विनायककाकांकडचे डबे हळूहळू थांबले. आमचा बुधवारचा तेवढा जातो. रविवारी ते येतात, त्यांना लागायचा तेवढा वेळ घेऊन वर चढतात, आणि ते वर पोचेपर्यंत पोहे गार झालेले असतात.

परवा मी एटीएममध्ये गेले तर सोनल होतीच. मला बघून पुस्तकं उचलून बाहेर जायला निघाली. सवयीने हो! मी म्हटलं, अगं बस, मी आहे. तर म्हणते, "नहीं दीदी, आप पिन डालिए।" आणि बाहेर उन्हात पाठ करून उभी राहिली. मी बाहेर आले तेव्हा तिने विचारलं, "दीदी, वो पढ़ने वाली जगह कब खुलेगी?" मी म्हटलं, "कंपनी की नई जाँच चल रही है, तीन साल में उसका रिज़ल्ट आएगा, फिर..." ती हसली. "दीदी, उससे पहले तो मेरा ही रिज़ल्ट आ जाएगा।" आणि आत जाऊन बसली.

तर असं आहे सगळं. आता रोज सकाळी सव्वानऊला, पहिला तास सुरू व्हायच्या आत, मी स्टाफरूमच्या खिडकीशी जाऊन भाव बघते. फक्त बघते. काल सतरावरून सतरा चाळीस झाला. चाळीस पैसे! आता एका दिवसावरून काही ठरत नाही हे मला माहीत आहे, मी तेच शिकवते, त्याचेच तासावर पैसे घेते... पण मला सांगा, लक्षण तसं बरंच आहे, नाही का?